आमच्या बागेच्या डोमेनची बदली: 11 जानेवारी ते 27 मार्च 2025

आमची रत्नागिरीजवळ हापूसची कलमं आहेत. पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांना बाबा थेट घरपोच पेट्या पाठवतात आणि त्या ऑर्डरी वेबसाइटवरून आणि ईमेलवरून येतात. 2018 साली कोकणच्या हापूसला जीआय मानांकन मिळालं. तरीही बाजारात परराज्यातला आंबा रत्नागिरीचा म्हणून सर्रास खपवला जातो. म्हणून आम्ही प्रत्येक पेटीवर बागेच्या वेबसाइटचा पत्ता आणि क्यूआर कोड छापतो. गिऱ्हाईक तो स्कॅन करतं आणि पेटी कुणाच्या कलमांची आहे ते बघतं. 2025 च्या हंगामाची खोकी आधीच्या डिसेंबरमध्येच छापून आली होती. त्यामुळे हे डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, हातचं जाणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

पण डोमेन आमच्या नावावर नव्हतंच. 2013 साली वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या फर्मच्या नावावर घेतलं होतं. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. दरवर्षी तो वेळेवर नूतनीकरण करायचा आणि आम्ही त्याला पैसे द्यायचो. आता तो बेंगळुरूला नोकरीला आहे आणि फर्म बंद झाली आहे. मुदत होती 9 एप्रिल 2025. नेमका आंब्याचा ऐन हंगाम. डिसेंबरात त्याचाच फोन आला, ‘ताई, पुढच्या वर्षी माझ्या लक्षात राहील न राहील, तुमचं तुमच्या ताब्यात घ्या.’ त्याने हे आपणहून सुचवलं याचं मला आजही फार वाटतं.

11 जानेवारीला रात्री दहा वाजता आम्ही दोघं फोनवर बसलो. त्याच्या जुन्या नंबरवर ओटीपी यायचा, तो त्याने सांगायचा, मी टाकायचा. खात्यात शिरल्यावर मला वाटलं, आधी बाबांचं नाव लावून घेऊ, मालकी पक्की होऊ दे, मग सावकाश नव्या कंपनीकडे नेऊ. सातबाऱ्याचं तसंच असतं ना, आधी नाव चढवायचं आणि मग पुढचे व्यवहार. मी नाव बदललं. त्याने आणि मी आपापल्या ईमेलवर आलेल्या विनंतीला संमती दिली आणि काम झालं असं समजून झोपले.

दुसऱ्या दिवशी बदलीचा कोड (डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नेताना लागणारा सांकेतिक शब्द) मागायला गेले तर उत्तर आलं की डोमेन 60 दिवसांसाठी कुलूपबंद आहे. हा नियम त्या कंपनीचा नव्हता. जगभरच्या डोमेनांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने 2016 च्या डिसेंबरपासून तो लागू केला आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनवर मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदललं की 60 दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, नेता येत नाही. चोराने खातं फोडून नाव बदलायचं आणि लगेच डोमेन पळवायचं, हे रोखण्यासाठी तो केलेला आहे आणि त्यामागचं कारण मला पटतं. पण नाव बदलण्याआधी हे कुलूप नको असं सांगायची सोय रजिस्ट्रार देऊ शकतो. आमच्या फॉर्मवर तशी चौकट होतीही, खाली बारीक अक्षरांत. बदल झाल्यावर मात्र ती संधी गेली ती गेलीच. माझ्या हिशेबात क्रम उलटा हवा होता: आधी डोमेन नव्या रजिस्ट्रारकडे न्यायचं आणि मग तिथे नाव बदलायचं.

साठ दिवस म्हणजे 12 मार्च. गुढीपाडवा 30 मार्चला. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘अगं, मोहोर धरल्यापासून फळ उतरेपर्यंत आपण थांबतोच ना? हेही थांबू.’ मला मात्र 9 एप्रिलची धास्ती होती. डॉट कॉमची मुदत संपली तर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. पण ते किती दिवस, हे ज्याचं त्याच्यावर असतं आणि तेवढ्यात वेबसाइट बंदही पडू शकते. त्यानंतर 30 दिवस सोडवणुकीचे, त्याला भरमसाट पैसे लागतात. मग 5 दिवसांनी नाव मोकळं होतं आणि कुणीही उचलतं.

12 मार्चला कुलूप निघालं. कोड खात्यात दिसत नव्हता, मदत कक्षाकडे लेखी विनंती करावी लागली. जुन्या कंपनीची चॅटवरची मंडळी आधी सवलत देऊ लागली, मग म्हणाली, आधी एक वर्षाचं नूतनीकरण करा, त्याशिवाय बदली होत नाही. हे खरं नाही. डोमेनची मुदत चालू आहे आणि मागची थकबाकी नाही, तर पुढच्या वर्षाचे पैसे भरले नाहीत म्हणून बदली अडवता येत नाही. शिवाय बदलीसोबत नव्या रजिस्ट्रारकडे भरलेलं एक वर्ष आधीच्या मुदतीत जोडलं जातं, म्हणजे आमची तारीख 9 एप्रिल 2026 होणार होती. मी हे लिहून कळवलं आणि मागितल्यापासून पाच दिवसांत कोड देणं बंधनकारक आहे याचीही आठवण करून दिली. कोड पाचव्या दिवशीच आला. आणि तो आला माझ्या जीमेलवर. हे महत्त्वाचं आहे, कारण बागेच्याच डोमेनवरचा ईमेल तिथे दिला असता आणि मध्येच डोमेन बंद पडलं असतं, तर कोडही पोहोचला नसता.

नव्या ठिकाणी कोड टाकला तर चुकीचा आहे म्हणून परत. दोनदा. शेवटी लक्षात आलं की चिकटवताना मागे एक मोकळी जागा चिकटत होती. तिसऱ्यांदा स्वीकारला गेला. मग जुन्या रजिस्ट्रारचा ईमेल आला की बदली थांबवायची असेल तर या दुव्यावर जा. घाबरून त्यावर जाऊ नये. आपण काहीच केलं नाही तर पाच दिवसांनी बदली आपोआप पूर्ण होते. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, ‘झालं का गं?’ 24 मार्चला झालं.

खरा घोळ त्यानंतर आला. बदली झाली तरी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनची वेबसाइट आणि ईमेल कुठे आहे ते सांगणारे संगणक, जुन्याच कंपनीचे राहतात. डोमेन गेल्यावर जुनी कंपनी बऱ्याचदा ही फुकटची सेवा बंद करते. आमचं ईमेल 25 तारखेला दुपारी थांबलं. मी बदलीपूर्वी त्यांवरच्या सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले होते, म्हणून नव्या जागी त्या अर्ध्या तासात भरता आल्या. पण डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची जुनी माहिती इतर ठिकाणी दोन दिवस साठून राहू शकते, तेवढा काळ कुणाला वेबसाइट दिसत होती, कुणाला नाही. आणि एक नोंद माझ्या हातून राहिली: आमची पत्रं खरोखर आमचीच आहेत हे सिद्ध करणारी, डीकेआयएमची. ती स्क्रीनशॉटच्या खालच्या पानावर होती. त्यामुळे ऑर्डरींना दिलेली आमची उत्तरं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जात राहिली. बारामतीच्या एका काकूंचा फोन आला, ‘यंदा आंबा नाही का?’, तेव्हा ते उमगलं. 27 तारखेला नोंद घातली, सगळ्यांना फोन करून कळवलं.

कुणी हे करणार असेल तर नोंदी आधीच दुसऱ्या, स्वतंत्र डीएनएस (नेमसर्व्हर पुरवणाऱ्या) सेवेवर भराव्या, नेमसर्व्हर बदलून दोन-तीन दिवस थांबावं आणि मगच बदली सुरू करावी. म्हणजे मध्ये ईमेल बंद पडत नाही.

बाबांनी 9 एप्रिल 2026 ही तारीख बागेच्या वहीत फवारणीच्या वेळापत्रकाशेजारी लिहून घेतली आहे. पाडव्याच्या पहिल्या पेट्या 28 तारखेला निघाल्या. त्याच रात्री त्यांनी ओटीवर बसून एका पेटीवरचा क्यूआर कोड स्वतःच्या फोनवर स्कॅन केला आणि पान उघडल्यावर मला हाक मारली.