68 किलोचा जोर

परवा रात्री वही घेऊन एक गणित मांडलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. 2016 च्या एप्रिलमध्ये अब्जाधीश युरी मिलनर आणि शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी न्यूयॉर्कला ब्रेकथ्रू स्टारशॉट, म्हणजे आपल्या शेजारच्या अल्फा सेंटॉरी ताऱ्यांकडे यान पाठवायची योजना, जाहीर केली होती ना, त्यातलं. काही ग्रॅमचं यान, त्याला साधारण चार मीटरचं अगदी पातळ शीड, आणि जमिनीवरून त्या शिडावर 100 गिगावॅटचा लेसर मारायचा, इंधन इंजिन सगळं घरीच ठेवायचं.

प्रकाश ढकलतो हे रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेबेदेवने 1900 च्या सुमारास प्रयोगात मोजून दाखवलंय आणि जपानचं इकारोस यान 2010 मध्ये अशाच शिडावर सूर्यप्रकाश झेलत शुक्राकडे गेलं, त्यामुळे त्यात शंका नाही. पण जोर किती? परावर्तन होत असेल तर दुप्पट पॉवर भागिले प्रकाशाचा वेग, एवढं सोपं सूत्र. 100 गिगावॅट टाकले तर उत्तर आलं 667 न्यूटन, म्हणजे 68 किलो वजनाइतका जोर! कोयना प्रकल्प 1960 मेगावॅटचा, तशा 51 कोयना एकदम चालवायच्या आणि मिळणार काय तर एका माणसाच्या वजनाएवढा धक्का. मी दोनदा तपासलं.

पण समोर वजनच नाहीये, खरी गंमत तिथे आहे. सगळं मिळून एकच ग्रॅम धरलं तर दीड मिनिटात सेकंदाला 60,000 किलोमीटर, प्रकाशाच्या 20 टक्के वेग! प्रत्यक्षात यान आणि शीड मिळून काही ग्रॅम भरेल, म्हणून काही मिनिटं लागतील. नासाचं व्हॉयेजर 1 यान इतकी वर्षं सेकंदाला 17 किलोमीटरने चाललंय, त्याच्याशी तुलना करून बघा.

मला विचाराल तर सगळ्यात अवघड आहे ते शीड. लाखातला फक्त एक भाग प्रकाश त्यात शोषला गेला तरी 10 लाख वॅटची उष्णता होते, आणि ती सहन करायची केसापेक्षा कितीतरी पातळ अशा पडद्याने, तेही न फाटता, न वाकडं होता, कारण थोडं तिरकं झालं की झोताच्या बाहेर. प्रत्यक्ष उड्डाण अजून झालेलं नाही त्याचं मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही, पण हे व्हावं असं फार मनापासून वाटतं.

भाचीला सांगत होतो तर तिने विचारलं, मामा, मग तिथे थांबणार कसं? थांबणार नाहीच, तिकडे समोरून लेसर मारायला कोण आहे. पृथ्वी ते चंद्र एवढं अंतर साडेसहा सेकंदात, अशा वेगाने ते अल्फा सेंटॉरीजवळून निघून जाणार आणि तेवढ्यात जमतील तेवढे फोटो काढून पाठवणार. जायला 22 वर्षं, फोटो यायला चारपेक्षा थोडी जास्त. ती आज 13 ची आहे, तिने लगेच माझ्याच वहीत त्या 667 च्या खाली लिहिलं, 26, मग स्वतःसाठी 39, आणि माझ्यासाठी 71.