चौदा दिवसांचं शिखर

फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, कांग यात्से किती दिवसांत होतं?" हे लडाखमधलं सहा हजारी शिखर. आम्ही सांगतो, लेह ते लेह चौदा. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, "पण बाकीचे तर नऊ दिवसांत करतात." लोकांना शिखरांवर नेणाऱ्या आमच्या छोट्याशा कंपनीचा सगळा धंदा या पाच दिवसांच्या फरकावर उभा आहे. म्हणून वाटचाल सांगायची तर मी त्या पाच दिवसांचीच सांगतो.

आम्ही नाशिकचे. कळसूबाई, साल्हेर, हरिहर हे आमचं अंगण. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि अॅडव्हान्स असे दोन्ही कोर्स केले. घसरल्यावर आइस अॅक्स बर्फात रोवून स्वतःला कसं थांबवायचं, ते तिथे अंगात भिनलं. परत येऊन काही वर्षं अंबडच्या एमआयडीसीत नोकरी केली. ती सोडली तेव्हा पीएफच्या पैशांतून सहा तंबू, दोन दोर आणि पंधरा जोडी क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटांखाली बांधायचे काटे, घेतले. हिशेब बायकोने सांभाळले, आजही तीच सांभाळते.

पहिलं शिखर अर्थातच स्टोक कांगरी. ६,१५३ मीटर. लेहच्या बाजारातून मान वर केली की समोर दिसायचं, गावातून दोन-तीन दिवसांत बेस कॅम्प. सहा हजारी शिखर करायचं असेल तर सगळे तिथेच जायचे, आम्हीही तेच विकलं. आणि भावाच्या स्पर्धेत उतरलो. कोणी दहा दिवस लावले की आम्ही नऊ लावायचो. लेहला विमानाने उतरायचं, एक दिवस आराम, तिसऱ्या दिवशी पाठीवर सॅक.

तिसऱ्या मोसमात आमच्या गटात एक शाळामास्तर होते. वय पन्नाशीच्या आसपास, पाय दणकट, कळसूबाईला माझ्यापुढे चढलेले. बेस कॅम्पवर दुसऱ्या संध्याकाळी ते खोकत होते. मी म्हटलं, कोरड्या हवेने होतं, गरम पाणी प्या. त्यांनी जेवणाचं ताट तसंच ठेवलं होतं, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. पहाटे तीनला त्यांच्या तंबूतल्या मुलाने मला उठवलं. मास्तर बसून होते. आडवं झालं की श्वास लागत होता. पाठीला कान लावला तर आत बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. फुफ्फुसात पाणी उतरायला लागलं होतं. असा त्रास बहुतेकदा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री डोकं वर काढतो, हे मला कोर्समध्ये शिकवलेलं होतं. माहीत असूनही मी नऊ दिवसांच्या गणितात अडकलो होतो.

उजाडायची वाट न पाहता त्यांना घोड्यावर बसवलं, दोन्ही बाजूंनी धरलं आणि खाली उतरवलं. जसजसं उतरत गेलो तसतसा त्यांचा श्वास मोकळा होत गेला, हे मी माझ्या हाताखाली अनुभवलं. लेहच्या रुग्णालयात ऑक्सिजन लागला आणि ते बरे झाले. पण त्या रात्रीची जबाबदारी माझी होती, आजही आहे.

नाशिकला आल्यावर मी आणि बायकोने वही काढली आणि कार्यक्रम नव्याने मांडला. तीन हजार मीटरच्या वर रोजची झोपायची जागा साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचा नाही. हा नियम डॉक्टरांचा आहे, आमचा नाही. आम्ही फक्त तो पाळायचं ठरवलं. दिवस वाढले, तसे घोडे, स्वयंपाकी, गाईड यांचे पैसे वाढले, आणि त्या वर्षी निम्मी माणसं कमी झाली. दोन मोसम आम्ही सह्याद्रीतल्या शनिवार-रविवारच्या ट्रेकवर घर चालवलं.

मग २०२० पासून स्टोक कांगरी चढाईसाठी बंद झालं. आमचं बहुतेक काम तिथलंच होतं, त्यामुळे घाव बसला. तरी मी मनापासून सांगतो, बंद केलं ते योग्यच केलं. स्टोक गावाचं पाणी त्याच हिमनदीचं. एका हंगामात हजारो माणसं तिथे तंबू ठोकत होती, कचरा करत होती, आणि त्यांत आमचीही माणसं होती. पाठोपाठ कोरोना आला. ते दिवस सगळ्यांनीच पाहिले आहेत.

पुन्हा लडाखला गेलो ते मार्खा खोऱ्यात, कांग यात्से २ साठी. उंची साधारण ६,२५० मीटर. शेजारचं कांग यात्से १ आणखी उंच आणि बरंच अवघड, ते आम्ही करत नाही. मला हे खोरं आवडलं ते त्याच्या चढणीमुळे. स्क्यू सुमारे ३,४०० मीटरवर, मग मार्खा गाव, हनकर, थाचुंगत्से, आणि निमालिंग ४,८०० च्या आसपास. शरीराला हवी तशी पायरी निसर्गानेच घालून ठेवली आहे. वाटेत सातूची शेतं, गावातल्या बायकांनी पॅराशूटच्या कापडाखाली मांडलेली चहाची दुकानं, आणि निमालिंगच्या कुरणात उन्हाळ्यापुरते वर आलेले याक आणि मेंढ्या. तिथे आम्ही एक पूर्ण दिवस थांबतो.

त्या दिवशी लोकांना वाटतं, उगाच बसवून ठेवलं. पण माझं सगळ्यात महत्त्वाचं काम तेव्हाच चालतं. ऑक्सिमीटर आम्ही लावतो, पण गार बोटांवर त्याचा आकडा फसवा येतो, म्हणून आधी चहाचा कप हातात धरायला लावतो. त्याहून जास्त विश्वास माझा आमच्या स्वयंपाक्यावर. तो नेपाळचा आहे. पाणी तिथे ८४ अंशांच्या आसपासच उकळतं, प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही, तरी हा माणूस पिठलं-भात असा करतो की निफाडची आठवण यावी. जेवणं उरकली की तो माझ्या तंबूत येऊन हळूच सांगतो, "सर, तिसऱ्या तंबूतल्या दीदींनी दोनच घास खाल्ले." मास्तरांच्या ताटाकडे मी दुर्लक्ष केलं, त्याच्या नजरेतून मात्र एकही ताट सुटत नाही.

अशा शिखरांना लावल्या जाणाऱ्या 'ट्रेकिंग पीक' या शब्दाने फार गैरसमज होतो. हा शब्द परवान्याच्या वर्गवारीचा. चालत जाऊन यायचं शिखर असा त्याचा अर्थ नाही. बेस कॅम्पवर दुपारभर आम्ही क्रॅम्पॉन बांधायचा सराव घेतो, जाड हातमोजे घालून, डोळे मिटून. कारण रात्री अकराला निघाल्यावर बर्फाच्या कडेशी पोचतो तेव्हा हेडटॉर्चचा उजेड नेमका बुटाच्या मागच्या पट्ट्यावर पडत नाही, आणि हातमोजा काढला तर बोटं दोन मिनिटांत लाकडासारखी होतात. पुढे दोर, आणि पहाटेपर्यंत कडक बर्फावर एकसुरी चढण.

सकाळी नऊनंतर जिथे असू तिथून परत फिरायचं, हा आमचा करार आहे आणि तो निघण्याआधी सही घेऊन होतो. उन्हाने बर्फ मऊ पडला की पाऊल गुडघ्यापर्यंत रुततं, आणि थकलेली माणसं उतरतानाच चुकतात. एका वर्षी आठ जणांना माथा दोनशे मीटरवर दिसत असताना मी परत आणलं. एक गृहस्थ बेस कॅम्पपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा राग मला समजत होता. दोन वर्षं पैसे साठवून आले होते. आता आम्ही चौदांतला एक दिवस राखीव ठेवतो तो यासाठीच, म्हणजे तब्येत आणि हवा दोन्ही बरी असेल तर पुन्हा जाता येतं.

तयारी घरूनच सुरू होते. दोन महिने आधीपासून बारी गावातून कळसूबाई, पाठीवर दहा-बारा किलो. याने पाय आणि दम तयार होतो, उंची मात्र कळत नाही. १,६४६ मीटरचं आमचं सगळ्यात उंच शिखर लेहच्या निम्म्यालाही पोचत नाही. हे मी प्रत्येक गटाला पहिल्याच बैठकीत सांगतो.

आता नवा पेच आला आहे. रस्ता खोऱ्यात आत शिरला, आणि जीप मार्खा गावापर्यंत जाते. गावकऱ्यांना रस्ता हवाच होता. आजारी माणसाला घोड्यावर घालून लेहला न्यायचे दिवस त्यांनी फार भोगले आहेत. पण त्यामुळे वरचे कार्यक्रम आणखी आखूड झाले. काही जण तर उलट बाजूने, शांग सुमदोकडून 'कोंगमारू ला' ही खिंड ओलांडून थेट निमालिंगला उतरतात, म्हणजे शरीर तयार व्हायच्या आत पाच हजारांपलीकडची खिंड. आम्ही आजही स्क्यूपासून चालतो. धुळीच्या रस्त्याने चालायचा पहिला दिवस कंटाळवाणा होतो, हे खरं आहे. पण तो दिवस मी सोडणार नाही.

स्क्यूला आमचे घोडेवाले आहेत, वयाने मोठे, आम्ही त्यांना आचो म्हणतो. मास्तरांची हकीकत ऐकल्यापासून ते एक घोडा कायम रिकामा चालवतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. गेल्या सप्टेंबरात निरोप घेताना म्हणाले, जीप आली, आता सात घोडे पोसून काय करू, चार विकतो. यंदा आमचे दोनच गट आहेत, जुलैत एक आणि ऑगस्टमध्ये एक. दोन्ही गटांची आगाऊ रक्कम त्यांना परवाच पाठवली, आणि या वेळी रिकाम्या घोड्याचीही धरून पाठवली. काल त्यांचा फोन आला, सातही घोडे आहेत.