वजन कुणी केलंय?

"वजनाचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही," मासळीच्या लिलावाचं नवं ॲप दाखवणारा मुलगा म्हणाला. हर्णै बंदर, संध्याकाळ, नुसता गलका.

मावशीने हातातली सुरमई खाली ठेवली. "वजन कुणी केलंय? आम्ही टोपली बघून बोली लावतो रे बाबा."

मुलगा गप्प. ॲप देखणं होतं, हे मान्य.

बिझनेस ॲनालिसिस म्हणजे कामातली खरी गरज शोधून तिच्यावर उपाय सुचवणं. त्याच्या 'बॅबॉक' मार्गदर्शिकेच्या २०१५ च्या आवृत्तीत सहा मूळ संकल्पना आहेत: बदल, गरज, उपाय, संबंधित माणसं, मूल्य, संदर्भ. इथे उपाय आधी आला नि गरज विचारायची राहिली. बैठका सोसायटीच्या चेअरमनशी झाल्या असतील, टोपलीमागे बसणारीशी नाही.

एक लिलाव नीट उभं राहून बघितला असता तरी कळलं असतं. की तेवढा वेळ प्रकल्पात कुणी धरतच नाही?