थैली फिरण्याआधी

उपासना संपली की मागच्या खोलीत दोघांनी मिळून अर्पण मोजायचं, हा आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, नियम. एकट्याने कधीच नाही. लाल मखमलीची थैली टेबलावर उपडी केली की आधी नाणी घरंगळतात, मग नोटा पडतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी खजिनदार आहे. एक पुडी मी उघडण्याआधीच ओळखते. जुन्या कॅलेंडरचं पान चौकोनी फाडलेलं, आत शंभराची आणि पन्नासाची नोट, आणि वर पेन्सिलीने लिहिलेलं : "५ दिवस".

ही कांदे काटायला जाणारी आमची मावशी. रोज तीनशे रुपये. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, ती देवाला देते : पाच दिवस काम मिळालं तर दीडशे, दोनच दिवस मिळालं तर साठ. भर पावसात आठवडाभर काम नसतं तेव्हाही पुडी येते. कागद कोरा आणि आत एक रुपया. मी एकदा तिला म्हटलं, "मावशी, काम नसेल तेव्हा राहू द्या की." ती म्हणाली, "बाई, काम नव्हतं, पण जेवले ना मी?"

हे लिहायला बसले, कारण येत्या कापणीच्या सणाला आपण सढळ हाताने द्यावं असं मला मनापासून वाटतं. पण ते सांगण्याआधी माझी एक चूक कबूल करायला हवी.

चार वर्षांपूर्वी पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, पगार तीन महिने थकला होता. मी वर्गणी बाकी असलेल्या घरांची यादी केली आणि उपासनेत सूचना देतात त्या वेळी उभी राहून नावानिशी वाचली. पुढच्या रविवारी थैली जड झाली खरी. पण त्यातलं एक कुटुंब यायचंच थांबलं. त्यांचा टेम्पो बंद पडलेला, डोक्यावर हप्ते, हे मला माहीतच नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा दिला. वहिनींचे यजमान बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बाई, फी बाकी म्हणून माझ्या पोराला वर्गात उभं केलं होतं. तुम्ही आम्हाला देवळात उभं केलंत." मी त्यांची माफी मागितली. ते परत आले, पण अर्धं वर्ष गेलं.

त्यानंतर मी बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय नीट वाचला. थैली फिरायच्या आधी आपण नेहमी नववा अध्याय वाचतो, संतोषाने देणाऱ्याचा. आठव्याकडे कुणी फारसं जात नाही. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी वर्गणी जमवायची होती. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतःच दारिद्र्यात होत्या, तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिलं, तेही आपणहून, आम्हालाही वाटा उचलू द्या अशी विनवणी करून. आणि मग पौल काय करतो? पैसे आणायला आपला सहकारी तीत याला एकटं पाठवत नाही. मंडळ्यांनीच निवडलेला माणूस त्याच्यासोबत देतो. एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट दाखवू नये, प्रभूसमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख असावा, म्हणून. पौलासारख्या माणसालासुद्धा "माझ्यावर विश्वास ठेवा" एवढं म्हणणं पुरेसं वाटलं नाही!

मी थकबाकीची यादी फाडून टाकली आणि एक फळा विकत आणला. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, थैली फिरण्याआधी, मी जमाखर्च वाचते. कुणी किती दिले ते नाही. कशावर किती गेले ते. पाळकांचा पगार. लाइटबिल. छताचे दोन पत्रे बदलले त्याची मजुरी. नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुलीची फी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. त्याप्रमाणे आपलं ऑडिट दरवर्षी होतंच, पण तो कागद कपाटात असतो. फळा दारात असतो. येताजाता लोक थांबतात, वाचतात, विचारतात. "पत्रे दोनच का बदलले, बाई?" असं एकाने विचारलं आणि उरलेल्या तीन पत्र्यांचे पैसे त्यानेच दिले. फळा लागल्यापासून पगार एकदाही थकलेला नाही.

आपल्याकडे देण्याची सवय कमी, याला इतिहासही आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये नगरला. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, पाळकाचा पगारही मिशनचा. त्या उपकारांची मला जाणीव आहे, माझी आजी त्यामुळेच शिकली. पण "मिशन बघेल" हे वाक्य आपल्या जिभेवर बसलं ते बसलंच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून आपली वेगळी वाट धरली, त्यालाही आता शंभराहून जास्त वर्षं झाली. आता कुणी बघणार नाही. आपणच बघायचं.

आणि त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही. मिझोरममध्ये १९१० पासून 'बुहफाई थाम' चालतं, म्हणजे मूठभर तांदूळ. घरात भात टाकताना बाई एक मूठ देवाच्या डब्यात बाजूला काढते. प्रत्येक स्वयंपाकाला. तो तांदूळ मंडळी गोळा करून विकते. त्या मुठीमुठीतून तिथल्या मंडळ्यांनी सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, पाठवले, कामं उभी केली. आमच्या आजीच्या घरी चुलीजवळ असंच बाजरीचं एक गाडगं होतं. आम्हा पोरांना त्यात हात घालायची बंदी होती.

हल्ली यूट्यूबवर एक शिकवण जोरात आहे : द्या, म्हणजे शंभरपट मिळेल. बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याचं दशांशाबद्दलचं वचन पुढे करून गरिबांकडून कर्ज काढूनसुद्धा पैसे घेतले जातात. मला याचा राग येतो. मावशीला दशांश देऊन घर मिळालं नाही, गाडी मिळाली नाही. तिने कधी मागितलीही नाही. कुणाच्या घरात औषधाला पैसे नसतील तर त्याने थैलीत टाकू नये, उलट मंडळीकडून घ्यावेत. फळ्यावर 'मदत' असा एक रकाना त्यासाठीच आहे, तिथे नाव लिहीत नाही.

ज्यांना महिन्याला पगार आहे त्यांच्याशी मात्र मी मोकळेपणाने बोलते. पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनो, पिझ्झ्याला सढळ हाताने देता आणि थैलीसाठी छोटी नोट शोधता, तसं करू नका. आधी बाजूला काढा, मग खर्च करा. दारात क्यूआर कोड लावला आहे, पण रविवारी घरी असाल तर पाकिटात घालून हाताने द्या. तुमच्या शेजारी बसलेल्या लेकराला ते दिसू द्या.

कापणीच्या सणाला लिलाव नेहमीसारखा होईल. मेथीच्या जुड्या, अंडी, कोंबडा, बाजरीचं पोतं. गेल्या वर्षी मावशीच्या पाच अंड्यांची बोली नऊशेवर गेली. घेणाऱ्याने ती परत लिलावात ठेवली आणि पुन्हा सातशे आले. मावशी पहिल्या बाकावर बसली होती. तिने पदराने तोंड झाकलं आणि शेजारणीला विचारलं, "माझीच का गं ती?"

यंदाचे पैसे पाळकांच्या घराच्या मोरीला आणि पाण्याच्या टाकीला जाणार आहेत. अंदाजपत्रक शनिवारी संध्याकाळी फळ्यावर लिहिते. वाचून या.