विरजण लागायचंय अजून

ताईला मुलगी झाली तेव्हा आईने पिशवीतून पहिलं काय काढलं तर मधाची बाटली आणि सोन्याचं वळं, बाळाला चाटवायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मध वर्षभर अजिबात नको. आईचा चेहराच पडला, "तुम्हा दोघांना चाटवला तेव्हा काय झालं?"

रात्री मोबाईलवर शोधत बसलो (हॉस्पिटलच्या त्या खुर्चीत झोप कुठली येतेय), तर मधात बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात म्हणे. आपल्यासारख्या मोठ्यांना सहसा काही होत नाही कारण आपल्या आतड्यात आधीच इतके जंतू ठाण मांडून बसलेत की नव्याला शिरायला जागाच नाही, विरार लोकलच्या दारासारखं. बाळाची गाडी मात्र अजून रिकामी, तिथे ती बीजं रुजतात आणि विष तयार करतात.

सकाळी आईला हे सांगितलं, तर ती जरा वेळ गप्प आणि मग म्हणाली, "म्हणजे विरजण लागायचंय अजून."

अगदी तेच. आणि विरजण लावते कोण, तर आईच, जन्मतानाच. सिझरच्या बाळांना सुरुवातीला कातडीवरचे जंतू जास्त मिळतात (ताईचं सिझरच झालेलं, उगाच बोललो, आईला नवा घोर). पण खरी गंमत दुधात आहे. आईच्या दुधात शंभराहून जास्त प्रकारच्या अशा साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत! त्या बायफिडो जातीच्या जंतूंसाठी असतात. म्हणजे ताई डिंकाचे लाडू खातेय ते बाळासाठी आणि बाळाच्या पोटातल्या भाडेकरूंसाठी पण.

आणि हे विरजण नीट लागलं नाही तर नुसतं ताट भरून भागत नाही. ढाक्याच्या मिरपूर वस्तीत कुपोषित मुलांना तीन महिने हरभऱ्याचं पीठ, सोयाबीन, शेंगदाणे, कच्चं केळं असं जंतूंना मानवेल असं खाणं दिलं, 2021 साली त्याचे निकाल आले, तर नेहमीच्या पूरक आहारापेक्षा कॅलरी कमी असूनही या मुलांचं वजन जास्त चांगलं वाढलं. आईला यात काही नवल वाटलं नाही, "शेंगदाणे आणि डाळीचं पीठ आपल्याकडे संपतं कधी?"

मधाची बाटली आता फ्रीजवर आहे. आईने त्यावर स्केचपेनने बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची तारीख लिहून ठेवलीय.