अकरा की बारा?

दुपारी मेथी निवडत बसले होते. फोनवर अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे लावली होती, तिचा 'लेडी इन सॅटिन' हा अल्बम. बारावं गाणं, 'दी एंड ऑफ अ लव्ह अफेअर', संपलं आणि आता सगळं शांत होणार अशा हिशेबाने मी देठ खुडत होते, तर पहिलंच गाणं पुन्हा सुरू. तेच, पण जरा वेगळं. ते झालं, की आणखी एकदा तेच. मग शेवटच्या गाण्याचे तुकडे. स्टुडिओत उरलेल्या टेपा या. १९९७ साली सीडीवाल्यांनी त्या अल्बमच्या शेपटाला जोडल्या, आणि ॲपने सीडी उचलली तेव्हा त्याही सोबत आल्या. हळदीकुंकू आटोपल्यावरही उंबऱ्यात उभ्या राहून बोलत राहणाऱ्या बायकांसारखा हा अल्बम काही केल्या निघेचना.

गिरगावात मामाकडे ही रेकॉर्ड अशी संपायची नाही.

मामा गोदीत कारकून होता. बोटीवरच्या लोकांशी त्याची दोस्ती, त्यामुळे मामीला सेंटच्या बाटल्या मिळायच्या आणि त्याला रेकॉर्डी. रात्री सगळे झोपले की तो रेडिओला कान लावून व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम ऐकायचा. चाळीत बाकी कुणाला याचं काही नव्हतं. शेजारी नाट्यगीतं, खाली बिनाका, आणि आमच्याकडे रविवारी दुपारी ही बाई. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं तिथे पथारी पसरलेली. फिलिप्सचा प्लेअर, आणि सुई उडायला लागली की आर्मच्या डोक्यावर ठेवायला एक चार आण्याचं नाणं. ते त्याच कामासाठी राखलेलं. मामीने एकदा ते कोथिंबिरीला दिलं. संध्याकाळी मामा भाजीवाल्याकडे जाऊन 'माझीच पावली परत दे' म्हणून अडून बसला होता. दुसरी पावली त्याला चालेना, तिचं वजन म्हणे बरोबर बसत नाही.

रेकॉर्ड पुसायला आजोबांच्या धोतराचा मऊ तुकडा. आम्ही हात लावायचा नाही, फक्त बघायचं. काळ्या तबकडीवर खिडकीतला उजेड गोल फिरायचा, आणि शेवटच्या गाण्याजवळ सुई लेबलापर्यंत येऊन ठेपायची. लेबलाच्या कडेने सहा डोळे काढलेले असायचे. कोलंबिया कंपनीची त्या काळातली खूण ती. गाणं संपलं तरी सुई आतल्या रिकाम्या रेघेत टक्, टक् करत राहायची. मामा लगेच उठायचा नाही. हातातली चारमिनार संपेपर्यंत ती टकटक चालू द्यायचा, आणि तेवढा वेळ कुणी बोललेलं त्याला खपत नसे.

आजी वाती वळत बसलेली असायची. इंग्रजीशी तिचा संबंध नाही. एकदा म्हणाली, "आवाज गेलाय रे हिचा." मामा म्हणाला, "हो." थोड्या वेळाने आजीच म्हणाली, "सूर नाही गेलेला." मामाने तेव्हा तिच्याकडे ज्या आदराने बघितलं तसं तो एरवी कधी बघत नसे.

आजी म्हणाली ते खरंच होतं. ध्वनिमुद्रण झालं फेब्रुवारी १९५८मध्ये, न्यूयॉर्कला. बिली तेव्हा बेचाळिशीची आणि ऐकताना सत्तरीची वाटते. मागे संगीत संयोजक रे एलिसचा व्हायोलिनांचा मऊशार ताफा आणि पुढे हा फाटलेला आवाज. एलिस स्वतः आधी नाराज होता. काही आठवड्यांनी तयार झालेली टेप ऐकली तेव्हा त्याचं मत बदललं.

शेवटचं गाणं तिला बसलेलं नव्हतं. म्हणून ऑर्केस्ट्रा आधी वाजवून घेतला आणि तिने मागाहून त्यावर गायलं. ते जोडकाम एकाच वाहिनीच्या, म्हणजे मोनो टेपवर झालं. स्टीरिओचे ते नव्या नवलाईचे दिवस. कंपनीने रेकॉर्ड दोन्ही तऱ्हांनी काढली, पण या गाण्याची स्टीरिओ टेपच नव्हती. म्हणून मोनो रेकॉर्डवर गाणी बारा आणि स्टीरिओवर अकरा. जाणकार लोक पाकिटावरचा नंबर बघतात, सीएल ११५७ म्हणजे मोनो, सीएस ८०४८ म्हणजे स्टीरिओ. मामाची मोनो होती. पुढे चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, मला स्टीरिओ सापडली. "ओरिजिनल है मॅडम, स्टीरिओ!" दुकानदार म्हणाला, जणू त्यामुळे काही वाढलंच होतं. पाकिटाच्या कडा बुरशीने खाल्लेल्या, तबकडी मात्र शाबूत. घरी आणून लावली.

अकरावं गाणं 'आय विल बी अराउंड'. तू परत ये, मी इथेच आहे, असं म्हणणारं. आणि मग टक्, टक्.

मी बसून राहिले. लहानपणापासून माझ्या डोक्यात ही बाई 'संपलं' म्हणून उठून जात होती. या रेकॉर्डवर ती थांबून राहिली होती. बाजू तीच, गाणी त्याच क्रमाने, एक टेप नाही एवढाच फरक, आणि अख्खी गोष्ट फिरली. फोनवर तर ती जातही नाही, थांबतही नाही. पहिल्यापासून पुन्हा सुरू करते.

जुन्या रेकॉर्डी कशा संपायच्या तेही बघा. गौहर जानच्या १९०२ सालच्या तबकड्यांवर गाणं झालं की ती स्वतःच खणखणीत इंग्रजीत सांगते, 'माय नेम इज गौहर जान'. तबकड्या छापायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला कळावं कोण गातंय, लेबल चुकू नये, म्हणून. बिलीला तीही सोय नव्हती. १९३०च्या दशकातल्या तिच्या कित्येक रेकॉर्डींवर मोठ्या अक्षरांत पियानोवादक टेडी विल्सन आणि त्याचा वाद्यवृंद, आणि गाणारीचं नाव खाली बारीक टायपात.

व्हिनाइल, म्हणजे तबकडी, की डिजिटल या वादात मला खरं तर गम्य नाही. रेकॉर्डमध्ये ऊब असते म्हणणारे आहेत, असू देत. अमेरिकेतली एक नामांकित कंपनी महागड्या रेकॉर्डी काढायची, आणि घेणारे त्या शुद्ध ॲनालॉग, म्हणजे कुठेही संगणकी आकडे न शिरलेल्या, समजून घ्यायचे. २०२२मध्ये कळलं की मधली पायरी डिजिटल होती. तोवर बारीकसारीक फरक ओळखतो म्हणणाऱ्या त्या सोन्याच्या कानांना ती ऐकू आली नव्हती. युरोपात १९६३च्या आधीच्या रेकॉर्डींवरचे हक्क संपलेत, त्यामुळे कुणीही उठतो आणि बिलीची चकचकीत नवी तबकडी छापतो. आत बहुधा कुठल्यातरी सीडीचीच नक्कल.

मला खटकतात त्या उरलेल्या टेपा. म्हणजे ऐकते मी, सगळ्या ऐकते. गाणं बसत नाहीये, ती पुन्हा सुरुवात करतेय, मध्येच बोलतेय. कान टवकारून ऐकावंसं वाटतं आणि वाटतं की हे आपल्यासाठी नव्हतं. तिने बारा गाणी दिली होती. बाकीचं तिला कुणी विचारून काढलेलं नाही, आणि विचारणार तरी कुणाला? रेकॉर्ड निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १७ जुलै १९५९ला, ती न्यूयॉर्कच्या इस्पितळात गेली. खाटेवरच अटक केलेली होती, दाराशी पोलीस बसवलेला. बँकेत ७० सेंट होते.

मामाची मोनो रेकॉर्ड आता मामेभावाकडे आहे, न्यू जर्सीला. मामा गेल्यावर सामान वाटलं गेलं तेव्हा मामीच्या पाटल्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही आणि या रेकॉर्डवरून मात्र आम्ही दोघं वर्षभर बोलत नव्हतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागे भिंतीवर ती दिसली. काचेच्या फ्रेममध्ये, दिवा सोडून लावलेली.

"वाजवतोस का रे कधी?"

"ताई, प्लेअर कुठाय माझ्याकडे? गाडीत ऐकतो ना फोनवर."

"मग बारा गाणी झाल्यावर बंद करतोस का?"

"कसली बारा? शफलवर असतं."