तुम्ही विचारलंत म्हणून: झाडं लावली की झालं ना?

हवामानबदल आणि अर्थकारण या विषयावर बोलून झालं की कुणीतरी हमखास विचारतं, "झाडं लावली की कार्बन शोषला जाणार, पशुपक्षी आपोआप येणार. मग जीवविविधतेचा वेगळा विचार अर्थमंत्र्यांनी कशाला करायचा?" तोवर वेळ संपलेली असते आणि मी गुळमुळीत काहीतरी सांगून सुटतो. आज नीट सांगतो.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाचा सुमारे ४००० चौरस किलोमीटरचा दलदलीचा मुलूख आहे. मुळात इथे झाड औषधालाही नव्हतं. पायाखाली ओलं शेवाळ स्पंजासारखं दबतं. हे शेवाळ मेलं तरी पाण्यात बुडालेलं असल्यामुळे पुरतं कुजत नाही. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर असा त्याचा थर चढत जातो. त्यालाच पीट म्हणतात. काही ठिकाणी तो दहा मीटरपर्यंत खोल आहे, म्हणजे हजारो वर्षांचा कार्बन तिथे गाडून ठेवलेला आहे.

१९७० आणि ८०च्या दशकांत इथे झाडं लावली गेली. ब्रिटनमध्ये तेव्हा वनलागवडीचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येई. ८०च्या दशकात कराचा सर्वांत वरचा दर होता ६० टक्के. म्हणजे श्रीमंताने लागवडीत १०० पौंड घातले की ६० पौंड कर वाचे, वर सरकारी अनुदान वेगळं. जमीनही स्वस्त. दूर शहरात बसलेल्या करसल्लागाराला आणखी काय हवं? दलदलीत नांगराने लांबच लांब चर पाडले, पाणी काढून दिलं आणि सिटका स्प्रूस, लॉजपोल पाइन हे सूचिपर्णी वृक्ष ओळीने उभे केले.

पाणी उतरलं की पीटमध्ये हवा शिरते, अडकून पडलेलं शेवाळ कुजू लागतं आणि कार्बन बाहेर पडतो. वर झाडं शोषतायत, खाली जमीन सोडतेय! डनलिन, गोल्डन प्लोव्हर हे उघड्या दलदलीत जमिनीवर घरटं करणारे पक्षी तर झाडीच्या आसपासही फिरकेनात, कारण झाडीत कावळे आणि कोल्हे दबा धरून बसतात.

बराच गदारोळ झाला आणि १९८८च्या अर्थसंकल्पात ती सवलत काढून घेतली गेली. नव्या लागवडीचा जोर ओसरला. दलदल वाचवण्याचं एवढं मोठं काम करखात्याच्या एका तरतुदीने केलं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. आता तिथे तीच झाडं पैसे मोजून तोडली जातायत, चर बुजवले जातायत. २०२४ मध्ये या दलदलीला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला.

"निसर्गाची किंमत लावायची का?" असं लगेच पुढचं येतं. मलाही ते खटकतं. शेवाळाचा भाव किती, याला काय उत्तर देणार? पण त्या करसल्लागाराच्या वहीत दलदलीची किंमत लागलेली होतीच, शून्य. अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी २०२१ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याला दिलेल्या अहवालात हेच मांडलंय: निसर्ग ही मालमत्ता आहे, आणि ती झिजत असतानाही जीडीपी खुशाल वाढत राहतो.

जीवविविधतेवरच्या २०२२च्या माँट्रियल परिषदेतल्या करारात ३० टक्के जमीन आणि समुद्र जपण्याच्या कलमाची चर्चा झाली. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कलम: निसर्गाला मारक ठरणारी अनुदानं आणि सवलती २०३० पर्यंत वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरने कमी करायच्या. नकाशावर रेघ ओढणं सोपं असतं. सवलत काढायची तर कुणाच्या तरी खिशात हात घालावा लागतो.

हवामान आणि जीवविविधता यांचे जागतिक करार १९९२ मध्ये एकाच वेळी, रिओच्या परिषदेत पुढे आले, पण त्यांच्या चुली वेगळ्याच राहिल्या. हवामानवाले कार्बनचे टन मोजतात. टनच मोजायचे म्हटलं की झपाट्याने वाढणाऱ्या एकाच जातीच्या झाडांच्या रांगा कागदावर छान दिसतात.

म्हणून लागवडीची योजना कानावर आली की झाडं किती हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, त्या जागेवर आज काय आहे. बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही हो, पडीक आहे."